शिंग मोडले, मुळाचे काय?

सप्टेंबर २०१९ मध्ये मध्य प्रदेशातल्या एका शेतकऱ्याचे छायाचित्र जगभर फिरले. सागर जिल्ह्यातले रहली हे त्यांचे गाव, वय ७४, आणि डोक्यावर उभे राहिलेले चार इंचांचे शिंग. पाचेक वर्षांपूर्वी डोक्याला मार लागला होता, त्यानंतर त्या जागी काहीतरी कडक वाढू लागले. दुखत नव्हते, म्हणून त्यांनी लक्ष दिले नाही. फार वाढले की गावच्या न्हाव्याकडून कापून घेत. पुढे ते टणक होऊन वाढतच राहिले, तेव्हा ते सागरच्या भाग्योदय तीर्थ रुग्णालयात गेले. मूळ फार खोल नसल्याचे तपासणीत दिसले. शल्यचिकित्सकांनी शिंग काढले आणि उघड्या पडलेल्या जागी त्वचेचे रोपण केले. इंग्रजी वृत्तपत्रांनी ‘सैतानाचे शिंग’ असे मथळे दिले. मोबाइलवर कुणी हात जोडले, कुणी थट्टा केली, आणि आठवडाभरात सगळे विसरूनही गेले.

सागरचे आणि आपल्या गणपतीपुळ्याचे नाते तसे जुने आहे. पेशव्यांचे बुंदेलखंडातले सरदार गोविंदपंत बुंदेले, मूळचे खेर, हे पुळ्याजवळच्या नेवऱ्याचे. सागर हे त्यांच्या कारभाराचे ठाणे झाले, आणि पुळ्याच्या देवळाचा सभामंडप त्यांनीच बांधला असे सांगतात. पण त्या बातमीची आज पुळ्यात बसून आठवण काढायचे कारण वेगळे आहे. चार इंचांचे शिंग लाखात एखाद्याला येते. चार मिलिमीटरचे किंवा सेंटीमीटरभर लांबीचे शिंग मात्र आपल्या ओळखीतल्या एखाद्या आजोबांच्या कानाच्या पाळीवर, आजींच्या गालावर किंवा मनगटाच्या मागच्या बाजूला असू शकते. त्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. घरातले लोक त्याला चामखीळ म्हणतात, आणि ‘वयाचे आहे’ म्हणून विषय संपतो.

सागरच्या बहुतेक बातम्यांत शिंगाची लांबी होती. शिंगाखाली काय निघाले, हा प्रश्न मथळ्यात कुठेच नव्हता. डॉक्टरांच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो.

या वाढीला वैद्यकात ‘क्युटेनियस हॉर्न’ म्हणतात. मराठीत त्वचाशृंग म्हणता येईल, पण आपण साधे शिंगच म्हणू. आपली नखे आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात, त्या केराटिनचाच हा साठा. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातल्या पेशी मरताना केराटिन मागे ठेवतात, आणि अंघोळीत, कपड्यांच्या घासण्यात त्यांची पुटे गळून जातात. एखाद्या जागी पेशी गरजेपेक्षा जोरात वाढू लागल्या आणि पुटे गळण्याऐवजी एकावर एक चिकटून बसली, की तिथे शंकू उभा राहतो. पिवळट, तपकिरी किंवा काळसर, कधी सरळ तर कधी वाकडा. म्हशीच्या शिंगात हाडाचा गाभा असतो आणि केराटिन हे त्यावरचे वेष्टन असते. माणसाच्या शिंगात हाड नसते. गेंड्याच्या नाकावरचे शिंग याला त्या बाबतीत जवळचे, तेही निव्वळ केराटिनचे. म्हणूनच शिंग वरून कापले तर नख कापल्यासारखे वाटते, रक्त येत नाही. रहलीच्या त्या शेतकऱ्याला न्हाव्याचा हात कधी जड वाटला नसेल, तो यामुळेच. ज्या पेशी हे सगळे तयार करत असतात त्या बुडाशी जिवंत असतात, आणि कापल्यानंतरही आपले काम करत राहतात.

तेव्हा शिंग हे रोगाचे नाव नव्हे. ताप जसा मलेरियाचा असतो, डेंग्यूचा असतो किंवा साध्या सर्दीचाही असतो, तसे शिंग अनेक कारणांनी येते. बुडाशी विषाणूमुळे आलेली साधी चामखीळ असू शकते. म्हातारपणी अंगावर येणारे, मेण चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी खवले असू शकतात. डोक्यावर असेल तर केसांच्या मुळाशी झालेली जुनी गाठ असू शकते. १७९१ साली एव्हरार्ड होम या इंग्रज शल्यचिकित्सकाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अशा शिंगांवर निबंध लिहिला, तेव्हाच डोक्यावरच्या गाठींशी त्यांचा संबंध त्याने नोंदवला होता. ही सगळी कारणे निरुपद्रवी. पण बुडाशी वर्षानुवर्षांच्या उन्हाने बिघडलेली, कर्करोगाच्या वाटेवर असलेली त्वचाही असू शकते, आणि प्रत्यक्ष कर्करोगही. तो बहुधा ‘स्क्वॅमस सेल कार्सिनोमा’ या प्रकारचा असतो. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा हा कर्करोग वेळेत पूर्ण काढला तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर तो जवळच्या लसिका ग्रंथींत, म्हणजे मानेतल्या, काखेतल्या किंवा जांघेतल्या अवधाणांत उतरतो, आणि मग गोष्ट टाक्यांवर भागत नाही.

किती जणांत असे निघते? या विषयातला सर्वांत मोठा आणि सतत उद्धृत होणारा अभ्यास १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी’ या नियतकालिकात आला. ६४३ शिंगांची बुडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली गेली. सुमारे ६१ टक्के निरुपद्रवी निघाली, उरलेल्या ३९ टक्क्यांत कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था होती. हा आकडा वाचून घाबरण्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात. पहिली, ही शिंगे प्रयोगशाळेपर्यंत पोचलेली होती. ज्यांचा संशय आला तीच जास्त करून पोचली असणार. दुसरी, ती गोऱ्या त्वचेच्या देशातली होती. आपल्या त्वचेतले मेलॅनिन उन्हापासून बरेच संरक्षण देते आणि भारतात त्वचेचा कर्करोग एकूण कर्करोगांत फार थोडा आढळतो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंग नसतो त्यांना हे संरक्षण नाही, हे आपल्या उन्हात विसरून चालणार नाही.

तरी ‘आपल्याकडे त्वचेचा कर्करोग होत नाही’ असे जे सर्रास बोलले जाते ते चूक आहे. आपल्याकडे तो पुष्कळदा वेगळ्या वाटेने येतो. जुन्या भाजल्याच्या व्रणातून, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमेतून, कुष्ठरोगाने बधिर झालेल्या तळपायाच्या क्षतातून. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन वयस्क स्त्रियांची हकिगत मांडली. एक ७० वर्षांची, परकराची नाडी कमरेला घट्ट बांधणारी. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली, चाळीस वर्षे लुगडे कमरेला आवळून नेसणारी. दोघींच्या कमरेवर उजव्या बाजूला जखम झाली होती आणि ती भरत नव्हती. एकीची दीड वर्षे, दुसरीची दोन वर्षे. दोघींनाही त्वचेचा कर्करोग निघाला, आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतल्या ग्रंथीपर्यंत गेला होता. बातम्यांत याचा ‘पेटीकोट कॅन्सर’ झाला आणि चर्चा नाडी सैल बांधण्यावर गेली. नाडी सैल बांधावीच. पण माझ्या मते त्या अहवालातली जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट ती दीड आणि दोन वर्षे आहेत. एवढा काळ ती जखम रोज अंघोळीला हाताला लागत असणार.

शिंगाच्या बाबतीत असाच वेळ जातो, किंबहुना जास्त, कारण ते दुखतही नाही. पॅरिसच्या मादाम दिमांश यांच्या कपाळावरचे शिंग सुमारे २५ सेंटीमीटर वाढून हनुवटीच्या खाली लोंबू लागले होते. वयाच्या ७६ व्या वर्षापासून वाढत गेलेले हे शिंग त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढून घेतले. त्यांच्या चेहऱ्याची मेणाची प्रतिकृती आजही फिलाडेल्फियाच्या म्यूटर संग्रहालयात ठेवलेली आहे. लोक अजूनही ती पाहायला जातात.

डॉक्टर नेमके काय पाहतात? लांबी त्यांच्या लेखी दुय्यम. ते बूड चाचपून बघतात. शिंगाच्या मानाने बूड रुंद असेल, दाबल्यावर दुखत असेल, आजूबाजूची कातडी लाल किंवा आतून घट्ट लागत असेल, रक्त येत असेल किंवा काही आठवड्यांत वाढ वेगाने झाली असेल, तर संशय बळावतो. जागाही महत्त्वाची. टक्कल, कपाळ, कानाची कड, खालचा ओठ, हाताचा पंजा या कायम उन्हात असलेल्या जागा. शेतात, आंब्याच्या बागेत किंवा होडीवर जन्म गेलेल्या माणसाला या जागांवर पन्नास-साठ वर्षांचे ऊन बसलेले असते. पुरुषांच्या जननेंद्रियावरही शिंग येते आणि तिथे कर्करोग असण्याचे प्रमाण इतर जागांपेक्षा जास्त असते. वयस्क माणसे संकोचाने हे डॉक्टरांनाही दाखवत नाहीत, घरात सांगणे तर दूरच. मग डॉक्टर गळ्यातल्या किंवा जांघेतल्या ग्रंथी चाचपतात. एवढे सगळे करूनही केवळ पाहून खात्री देता येत नाही. अनुभवी त्वचारोगतज्ज्ञालाही नाही, कारण वरचे टणक टोपण आतले झाकून ठेवते. खात्री फक्त बुडाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून होते.

शस्त्रक्रिया ऐकायला मोठी वाटते, बहुतेकदा ती अर्ध्या-पाऊण तासाची असते. त्या जागेपुरती भूल देतात, दात काढताना देतात तशीच. संपूर्ण भूल लागत नसल्याने ‘या वयात कशाला ऑपरेशन’ हा आक्षेप इथे फारसा टिकत नाही. शिंगाभोवती थोडी निरोगी कातडी घेऊन, बुडासकट, पुरेशा खोलीपर्यंत होडीच्या आकाराचा छेद घेतात आणि टाके घालतात. चेहऱ्यावरचे टाके पाच-सहा दिवसांनी, इतर ठिकाणचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. जागा मोठी असेल तरच सागरसारखे त्वचारोपण लागते. मधुमेह असेल तर साखर आधी बघून घ्यायची. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना सांगायची, स्वतःच्या मनाने बंद करायची नाही. हृदयाच्या रुग्णाने चार टाक्यांच्या भीतीने अशी गोळी सोडणे हा शिंगापेक्षा मोठा धोका आहे.

काढलेला तुकडा फॉर्मलीनच्या बाटलीत घालून विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत जातो. तिथे दोन गोष्टी कळतात. बुडाशी काय होते, आणि कर्करोग असेल तर तुकड्याच्या कडा स्वच्छ आहेत की रोग कडेपर्यंत आलेला आहे. कडेपर्यंत आलेला असेल तर पुन्हा थोडी कातडी काढावी लागते. म्हणून सगळ्या प्रक्रियेत मोलाची वस्तू ती बाटली आहे.

आणि हीच बाटली आपण वेगवेगळ्या रीतीने घालवतो. चामखिळीला घोड्याचा केस बांधायचा, ही रीत अजून गेलेली नाही. कुणी चुना लावतो, कुणी बिब्बा घालतो. आपल्या कोकणात काजूच्या टरफलाचे तेल हाताशी असते. बिब्बा आणि काजू एकाच कुळातले, दोन्हींचे तेल कातडी जाळते. त्याने शिंग गळूनही पडेल, पण बूड राहील आणि वर भाजल्याची जखम तयार होईल, म्हणजे आधीच्या प्रश्नावर दुसरा प्रश्न. ‘सात दिवसांत चामखीळ गायब’ अशा जाहिरातींतली मलमे हा याच गोष्टीचा नवा अवतार. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ साली तीळ आणि चामखीळ काढणारी अशी विनापरवाना उत्पादने विकणाऱ्यांना ताकीदपत्रे पाठवली होती. आपल्याकडे ती एका बोटाच्या टोकावर घरपोच येतात.

शिकलेल्या लोकांची चूक निराळी. ते चांगल्या दवाखान्यात जातात आणि मशीनने जाळून घेतात. साध्या चामखिळीला ते ठीकच आहे. पण टणक शिंग वयस्क माणसाच्या उन्हातल्या त्वचेवर असेल आणि तुकडा न घेताच जाळले, तर पुरावा जळतो. सहा महिन्यांनी तिथे पुन्हा काही उगवले की पहिल्या वेळी काय होते हे सांगणारे कोणी उरत नाही.

आता समजा, गणपतीपुळ्याच्या एखाद्या वाडीत ७२ वर्षांच्या आजी आहेत. कानापुढे गालावर सेंटीमीटरभर शिंग आहे, पदराने झाकले जाते. मुलगा मुंबईला. पुळ्यात घरोघर गणपती बसवत नाहीत, देवळातला तोच सगळ्यांचा, तरी भाद्रपदात मुलगा येतो आणि पहिल्याच दिवशी विचारतो, ‘आई, हे काय?’ ती म्हणते, ‘काय नाय रे, चामखीळ.’ सून हट्ट धरते आणि त्या मालगुंडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातात. तिथून रत्नागिरीला चिठ्ठी मिळते, किनाऱ्याच्या रस्त्याने साधारण पंचवीस किलोमीटर. दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज परिस्थिती नक्की बरी आहे. रत्नागिरीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि महाविद्यालय म्हटले की विकृतिशास्त्र विभाग आलाच. चिपळूण तालुक्यात डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क केलेले आहेत. शिंग निघते, टाके पडतात, मुलगा सुटी संपवून मुंबईला जातो.

मला धास्ती वाटते ती यानंतरच्या पंधरा दिवसांची. टाके मालगुंडलाच काढून घेता येतात. जखम भरते, गाल स्वच्छ दिसतो. अहवाल मात्र रत्नागिरीत तयार होतो आणि तो घ्यायला एसटीने जाऊन, रांगेत उभे राहून, कुणाकडून तरी वाचून घ्यावा लागतो. दुखत नाही, दिसत नाही, मग कशाला जायचे? आजींच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटले असते. दहापैकी सहा वेळा त्याने काही बिघडणारही नाही. उरलेल्या चार वेळांसाठीच तर तुकडा पाठवलेला असतो.

सरकारी योजनांकडे या पंधरा दिवसांच्या नजरेतून पाहिले की चित्र जरा वेगळे दिसते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. फार चांगला निर्णय. पण ही योजना रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागातली तपासणी, तिथला तुकडा, तिथला अहवाल तिच्यात बसत नाही. म्हणजे कर्करोग पसरून आजी दाखल झाल्या तर कार्ड कामाला येईल, तो पसरू नये म्हणून केलेल्या छोट्या कामाला नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत दिवसभराच्या उपचारांची कर्करोग केंद्रे उघडण्याचे जाहीर केले, त्यातली २०० पहिल्याच वर्षी. मुंबईला केमोथेरपीसाठी खेटे घालणाऱ्या कोकणातल्या कुटुंबांना त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पण केमोच्या खुर्चीपर्यंत रुग्ण येतो तो विकृतितज्ज्ञाच्या कागदावरून. खुर्च्या वाढवताना तो कागद वेळेत तयार होईल आणि रुग्णाच्या गावी पोचेल, याची घोषणा कुणी केलेली माझ्या पाहण्यात नाही.

राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी होते. त्यात त्वचेचा कर्करोग नाही, आणि आपल्याकडचे त्याचे प्रमाण पाहता नसणे समजण्यासारखे आहे. स्वतंत्र मोहीम काढा असे मी म्हणणार नाही. मात्र त्वचा पाहणारी माणसे घरोघर जात नाहीत असेही नाही. कुष्ठरुग्ण शोध अभियानात आशाताई आणि त्यांचे सहकारी दारोदार फिरून अंगावरचे चट्टे पाहतात. त्याच फेरीत साठीपुढच्या माणसाच्या चेहऱ्यावर, कानावर, हातावर टणक वाढ किंवा सहा आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर तिची एक ओळीची नोंद आणि ई-संजीवनीवरून तज्ज्ञाला दाखवलेले एक छायाचित्र, एवढे जमण्यासारखे आहे. त्वचेचे दुखणे छायाचित्रात बरेचसे कळते, पोटाचे कळत नाही. तपासण्याचा ताण आशांवर आधीच फार आहे, हा आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर जास्त मानधनाचे आहे, नजर मिटून घेण्याचे नाही.

तोवर घरच्यांना करता येईल असे थोडे आहे. आईवडिलांना भेटायला जाल तेव्हा कानामागे, टाळूवर, पाठीवर एकदा उजेडात पाहून घ्या, त्यांना स्वतःला या जागा दिसत नाहीत. टणक काही दिसले तर ओढू नका, बांधू नका, नखकटर लावू नका. त्याआधी पट्टी शेजारी धरून फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेला वाढले की नाही हे भांडणाशिवाय कळेल. शस्त्रक्रिया ठरली तर ती करणाऱ्यांना विचारायचा प्रश्न एकच: तुकडा बुडासकट तपासणीला पाठवणार का? ‘गरज नाही’ असे उत्तर आले तर का नाही, तेही विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत. आणि तपासणीच्या कागदावर फोन नंबर लिहायची जागा असते, तिथे आजींचा नंबर घालून मोकळे होऊ नका. मुंबईतल्या मुलाचा घाला, आणि त्याखाली शेजारच्या घरातला, जो रत्नागिरीला रोज कामाला जातो त्याचा.